डाव्या पायाची दोरी

१

रूपालीच्या डाव्या पायाचं गल्लीत फार कौतुक होतं. उजवा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर चालायचा. त्यात काय मोठंसं, शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईचा चालतो. पण त्याच वेळी डाव्या पायाच्या अंगठ्यात दोरीचा फास अडकवून ती आतल्या खोलीतली झोळी हलवायची. उजवा पाय घाईत, डावा निवांत, आणि हाताखालची टीप सरळ. वाटतं तेवढं सोपं नाही ते. शेजारच्या लालबीच्या सुनेनं हौसेनं करून बघितलं, तर तिनं शर्टाची बाही गळ्याला जोडून ठेवली.

शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात हंबीररावांच्या दोन खोल्या होत्या. त्या भाड्यानं घेऊन रूपाली आणि तिचा नवरा प्रसेनजीत राहत होते. प्रसेनजीत एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या उजेडाला मशीन. आतल्या खोलीत ओटा, मोरी आणि तुळईला टांगलेली झोळी. मध्ये एकच दार, त्याला छिटाचा पडदा. आतल्या खोलीला दुसरं दार नव्हतं. हे ध्यानात असू द्या, कारण पुढं रूपालीनं ही गोष्ट स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली.

हे कसब बाळ झाल्यावर आलं असंही नाही. साल अठ्ठ्याण्णव. रूपालीची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळं माहेरी बाळंतपण करायला कोणी नव्हतं. तेव्हा कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही, आपलं आपण शिकायचं, असं तिनं सातव्या महिन्यातच ठरवून टाकलं. जून महिना होता, शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. तिनं जुन्या सुती लुगड्याची झोळी बांधली, तिच्या कडेला दोरी लावली, ती पडद्याखालून बाहेर आणली आणि फास करून पायात अडकवला. बाळ यायला दोन महिने होते. सराव मात्र त्याच दिवशी सुरू झाला. निळ्या चड्ड्या आणि पांढरे सदरे शिवत जून-जुलै तिनं रिकामी झोळी हलवली.

लालबी एकदा पिकोसाठी साडी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगं ए, आत काय हाय झोळीत?"

"काय न्हाय, चाची. पायाला सवय लावायलोय."

"रिकामी झोळी हलवू ने बाई."

"का ते सांगा की."

"का ते मला काय म्हाईत. न्हाय हलवत, येवढं म्हाईत."

रूपाली हसली. "आमच्यात असलं काय मानत न्हाईत, चाची," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिची मान ताठ झाली. छप्पन साली तिच्या आजोबांनी देव्हारा उचलून नदीत सोडला होता. ही हकिगत ऐकतच ती वाढली होती. दृष्ट, उतारा, बाहेरचं, असल्या शब्दांना तिच्या घरात हसायचीच चाल होती. लालबीनं साडी ठेवली आणि ती गेली. रूपालीचा पाय थांबला नव्हता.

२

ऑगस्टात मुलगा झाला. तीन किलोला थोडा कमी, नाकीडोळी नीटस, आवाजाला खणखणीत. नाव नागसेन ठेवलं आणि हाक पडली नागू. बाळंतपणाला प्रसेनजीतची आई शालन कोडोलीहून आली. रूपाली तिला आत्ती म्हणायची. शालन कामाला वाघीण आणि बोलायला सरळ. मनात आलं की तोंडात आलं, मध्ये कुठं थांबा नाही.

मांडीवर नागू शहाण्यासारखा निजायचा. पण झोळीत पाठ टेकली रे टेकली, की असा किंचाळायचा की पलीकडं तालमीत जोर मारणारे पैलवान खिडकीशी येऊन विचारायचे, "वैनी, काय चावलं का?" काही चावलं नव्हतं. लुगडं झटकून झालं, दुपटं बदलून झालं, ओव्याचा शेक झाला. शालननं हलवून बघितलं, प्रसेनजीतनं हलवून बघितलं. पोरगं अंग ताठ करायचं, मुठी आवळायचं आणि काळंनिळं व्हायचं.

सव्वा महिना झाला आणि रूपालीनं मशीनवरचं आच्छादन काढलं. हंबीरराव तालमीच्या फुटबॉल संघाचे कारभारी. दिवाळीनंतर हंगाम सुरू होणार, म्हणून त्यांनी पिवळ्या कापडाचा तागा आणून टाकला होता: बावीस शर्ट, काखेला जांभळी पट्टी. आजवर संघाचे शर्ट राजारामपुरीतल्या टेलरकडं जायचे. यंदा पहिल्यांदा बोळातल्या बाईकडं आले होते.

शालन ताग्याकडं बघत म्हणाली, "भुईमूग काढायला मला दिवाळीच्या आत कोडोलीला जायला पायजे. तवर ह्यो झोळीत निजायला लागला तर बरं. न्हायतर तुला आन त्याला मी संगं घेऊन जातो. पोरगं चालायला लागस्तवर मशीन बंद."

"निजल की, आत्ती."

"कोण निजवणार? मी चार काढली, मला दाद दीना झालाय."

"मी निजवतो," रूपाली म्हणाली.

म्हणाली खरी, पण पुढचे आठ दिवस तिची पार दमछाक झाली. जोरात हलवलं, हळू हलवलं, गाणं म्हटलं, गाणं थांबवलं. नवव्या दिवशी दुपारी शालन लालबीच्या कट्ट्यावर बसायला गेली होती. नागू आत टाहो फोडत होता आणि रूपालीचे हात गळून गेले होते. तिनं डोळे पुसले, रडायचं तर रडू दे म्हणून पिवळा शर्ट सुईखाली घेतला आणि टीप मारायला लागली. डावा पाय सवयीनंच हलला. जूनमध्ये हलायचा त्या तालात: एक लांब ओढ, मग सोडून देणं, मग दोन श्वास थांबणं.

रडणं थांबलं. कमी कमी होत नव्हे, मध्येच थांबलं.

रूपालीनं पाय थांबवला नाही. मशीन चालवत राहिली, अख्खी बाही जोडून झाली, मग फास काढून चवड्यावर चालत आत गेली. नागू झोळीत गाढ निजला होता, ओठाच्या कडेला दूध, कानाशी मूठ. ती तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला इतका आनंद झाला, की आपण हसतोय का रडतोय हे तिचं तिला कळेना. चार पोरं काढलेल्या बाईला जे जमलं नव्हतं ते तिला जमलं होतं. आई नसताना, कुणी न शिकवता.

संध्याकाळपर्यंत बोळभर बातमी झाली. दुसऱ्या दिवशी हंबीरराव शर्टाचं माप बघायला म्हणून आले आणि पायांकडंच बघत उभे राहिले. "आयला, आमच्या फॉरवर्डचे पाय असं चाललं तर कप आपलाच की," ते म्हणाले. त्या दिवशी सुनेच्या ताटात शालननं स्वतः भाकरीवर तुपाची धार धरली.

३

मग एक बारीकशी गोष्ट रूपालीच्या लक्षात आली. नागू झोळीच्या मध्ये निजत नव्हता.

झोळीचा धर्म तुम्हाला माहीत आहे. आत काही घाला, बटाटे घाला नाहीतर बाळ घाला, ते घरंगळून तळाला मधोमध येतं. रूपाली नागूला मध्येच ठेवायची. तासाभरानं बघायला गेली की तो डावीकडं सरकलेला असायचा, कापडाच्या चढावर, कुशीवर, अंग चोरून. तिथं तो टिकायला नको होता. पण टिकलेला असायचा आणि स्वस्थ निजलेला असायचा.

पहिल्यांदा तिला वाटलं, गाठ एका बाजूला ओढली गेली असेल. तिनं दोन्ही गाठी सोडून परत बांधल्या, टेपनं दोन्हीकडची लांबी मोजली. तोंड उघडं ठेवणारं दांडकं सरळ बसवलं. दुसऱ्या दिवशी नागू परत डावीकडं. मग वाटलं, दोरी उजवीकडं बांधलीय म्हणून ओढ एकाच अंगानं बसत असेल. दोरी डावीकडं बांधली. नागू तरी डावीकडंच.

"आत्ती, तुम्ही ह्याला सरकवता का?"

"मी कशाला? निजल्यालं पोर कोण हलवतंय?"

रूपाली शिवणारी बाई. तिचा डोळ्यापेक्षा खडूवर विश्वास जास्त. तिनं निळा खडू घेऊन झोळीच्या तळाला मधोमध आडवी ठसठशीत रेघ ओढली आणि तिच्या डाव्या अंगाला नागूला निजवलं, म्हणजे तो उजवीकडं घरंगळून रेघेवर येतो का ते कळेल. मग बाहेर येऊन चार कॉलर शिवल्या. आत जायला तिच्याखेरीज कुणी नव्हतं. शालन लालबीकडं होती, बाहेरचं दार समोर होतं आणि आतल्या दाराचा पडदा तिच्या हातभर अंतरावर होता.

आत गेली तेव्हा नागू ठेवला तिथंच होता. त्याचं झबलं पांढरं स्वच्छ होतं, त्याला खडूचा ठिपकाही लागला नव्हता. झोळीतली रेघ मात्र पुसून फिकट झाली होती. दोन वितींएवढ्या जागेत निळी भुकटी कापडात चांगली रगडली गेली होती.

ती बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, कापडाला कापड घासलं असेल, झोळी मिटते तेव्हा घासतंच की. हे पटण्यासारखं होतं. तिनं तिथं तळहात ठेवला. पुसलेली जागा ऊबदार होती.

४

नागूला सकाळी तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसायचं शालनचं काम. लालबीच्या कट्ट्यावर ऊन चांगलं यायचं. अशाच एका सकाळी आजी-नातू तिकडं गेले होते आणि रूपाली अकरावा शर्ट शिवत होती. शर्ट सुरेख जमला होता, काखेची जांभळी पट्टी कुठं चुणली नव्हती. ती स्वतःवरच खूश होती.

खूश होती म्हणूनच तिला उशिरा कळलं, की आपला डावा पाय हलतोय. फास अंगठ्यात होता. सकाळी मशीनवर बसताना सवयीनं अडकवला असणार. ती हसली. आणि मग तिचं हसू थांबलं, कारण अंगठ्याला ओढ लागत होती.

तिला ओढ कळायची. कापडाची जाडी बोटाला कळते तशी झोळीची ओढ तिच्या अंगठ्याला पाठ होती. नागू आत असताना कशी लागते ते माहीत होतं. रिकामी कशी लागते तेही माहीत होतं. दोन महिने तिनं तीच ओढली होती. ही रिकाम्याची नव्हती.

आणि तिला जुलै आठवला. सुरुवातीला दोरी हलकी, पोकळ लागायची. मग हळूहळू जड व्हायला लागली होती. रोज थोडी थोडी. तेव्हा ती म्हणाली होती, आठवा महिना, पायाला सूज, जड लागणारच.

तिनं पाय थांबवला.

दोन श्वास गेले. मग दोरीनंच तिचा अंगठा एकदा ओढला. जोरात नाही. पदर धरून लेकरू ओढतं तेवढंच.

रूपालीनं फास काढला आणि ती आत गेली. झोळी हलत होती, थांबत आलेली झोळी हलते तशी. कापड चपटं, आत दुपट्याशिवाय काही नाही. वरच्या झरोक्यातून ऊन ओट्यावर पडलं होतं. मोरीत बादली भरलेली होती. घरातलं प्रत्येक भांडं जागेवर होतं, आणि तरी ती दारातून पुढं सरकली नाही.

रविवारी दुपारी तिनं प्रसेनजीतला मशीनवर बसवलं. काय झालं ते सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "दोरी ओढून बघा. जड लागती का?"

त्यानं ओढली. "रिकामी हाय की गं."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. कायच वजन न्हाय." त्यानं फास काढून तिच्या हातात दिला. "पायानं वजन करायला लागलीस व्हय? भाजीमंडईत बसीवतो तुला, काटा तरी लागणार न्हाय."

ती हसली. तो आंघोळीला गेल्यावर तिनं फास स्वतःच्या अंगठ्यात घातला आणि एकदाच ओढून बघितला. जड होता. तिनं फास झटकन काढून टाकला. आणि त्याच क्षणी तिला एक वाटलं, जे तिनं नवऱ्याला काय, कुणालाच कधी सांगितलं नाही. ते जे काही आहे ते फक्त आपला पाय ओळखतं, असं तिला वाटलं. आणि त्या वाटण्यात भीती होती तसा थोडा अभिमानही होता. त्या अभिमानाचीच तिला जास्त भीती वाटली.

५

शालनला जायला सहा दिवस उरले होते आणि शर्ट सहा राहिले होते. रूपालीनं मनाशी ठरवलं: नागूला झोळीत घालायचं नाही.

कारण आता तिला वेगळीच काळजी लागली होती. पोरगं झोळीत निजतं ते माझ्या पायामुळं, की शेजारी जे निजतं त्याच्यामुळं? ते उद्या पोराला काय करील हे तिला ठाऊक नव्हतं. पण माझं लेकरू दुसऱ्या कुणाच्या तरी उबेला निजायला शिकलंय आणि मीच त्याला शिकवलंय, हे तिला सहन होईना. ते माझ्या अंगावर निजलं पाहिजे. माझ्या हातानं.

झोळी सोडून टाकायलाही ती गेली होती. स्टुलावर चढली, गाठीला हात घातला. तेवढ्यात विचार आला, आत काही असलं तर ते फरशीवर पडेल, लागेल त्याला. तिचा हात आपोआप मागं आला. असला विचार आपल्या डोक्यात आलाच कसा याचा तिला संताप आला. पण गाठ काही तिनं सोडली नाही. फास काढून दारातल्या खिळ्याला अडकवला आणि पडदा ओढून घेतला.

"आजपासनं खांद्यावर निजवतो," तिनं शालनला सांगितलं.

"आन आता का? झोळीत निजतोय की चांगला. खांद्याची सवय लावलीस तर मशीन कोण चालवंल?"

"मीच चालवीन. खांद्यावर घेऊन."

"अगं, जमतंय ते मोडायचं आन न्हाय ते जोडायचं. येडी का काय तू?"

"तुम्ही बघा तर, आत्ती."

शालननं हात उडवले आणि ती लालबीकडं निघून गेली.

पहिल्या दुपारी नागू दोन तास रडला. रूपाली त्याला खांद्यावर टाकून बाहेरच्या खोलीत फिरत राहिली, खिडकीपासून मशीनपर्यंत, मशीनपासून खिडकीपर्यंत. नागू तिच्या गळ्याशी तोंड खुपसायचा, परत मान उचलायचा आणि पडद्याकडं बघायचा. दोन महिन्यांचं पोर. त्याला कुठं बघायचं हे कळायचं वय नव्हे. पण वळवून घेतलं तरी मान तिकडंच जायची.

दुसऱ्या दुपारी रूपालीचा खांदा भरून आला, कंबर मोडायला आली. बोळातली माणसं दारावरून जाताना आत डोकावायची. ज्या बाईचं सगळ्यांनी कौतुक केलं तिचं पोरगं आता बघा, असंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिनं दार लावून घेतलं. पडद्यापलीकडं मधूनच तुळई करकरायची आणि थांबायची. तिनं तिकडं लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं गाणं सोडून दिलं, थोपटणंही सोडलं. फक्त नागूची छाती आपल्या छातीला घट्ट लावली आणि स्वतः लांब श्वास घ्यायला लागली. त्याचा श्वास हुंदक्यांनी तुटत होता. स्वतःचा तिनं तुटू दिला नाही. त्या दुपारी तो निजला नाही, पण शेवटचा अर्धा तास गप्प राहिला.

तिसऱ्या दुपारी सव्वातीनला नागसेन प्रसेनजीत आपल्या आईच्या खांद्यावर निजला. पडद्याकडं न बघता. त्याचं डोकं जड झालं, मूठ उघडली, बोटं तिच्या पाठीवरून खाली ओघळली. श्वास तिच्या श्वासाला येऊन मिळाला आणि तिथंच राहिला. रूपाली खोलीच्या मध्यभागी उभी होती. हालचाल करायची तिला भीती वाटत होती. दोरी नाही, झोळी नाही, कुणाची उसनी ऊब नाही. हा माझा मुलगा आणि ही त्याला मी लावलेली झोप. आयुष्यात दहावी पास झाल्यावर ती एकदा अशी ताठ झाली होती, आणि आज.

६

सहांतले पाच शर्ट तिनं रात्री जागून संपवले होते, शेवटचा गोलकीपरचा राहिला होता. ती तशीच हळूच मशीनवर बसली. डाव्या खांद्यावर नागू, उजव्या हाताशी कापड, उजवा पाय पायडलवर. डावा पाय मोकळा होता. दोन टिपा सरळ गेल्या.

आत तुळई करकरली.

रूपालीनं मशीन थांबवलं. परत करकर. मग ती थांबली आणि दुसरा एक आवाज आला. रडायच्या आधी मूल ओठ काढतं आणि श्वास आत ओढतं, त्याचा. आईला तो आवाज कुठल्याही गर्दीत ऐकू येतो. तो नागूचा नव्हता. नागूचं तोंड तिच्या कानाशी होतं आणि तो संथ निजला होता. पण त्या आवाजासरशी त्याच्या पापण्या हलल्या.

ती उठली. नागूच्या डोक्यावर हात ठेवून तिनं पडद्याची कड चार बोटं सरकवली.

झोळी भरलेली होती. मधोमध, तळाला कापड ताणलं होतं, नऊ-दहा महिन्यांच्या गुटगुटीत पोराच्या वजनानं ताणावं तसं. नागूपेक्षा मोठं. जुन्या लुगड्याच्या विणीतून आतून एक उंचवटा वर आला, पेरूएवढा, टाचेसारखा, कापडावरून सरकला आणि परत आत गेला. मग साऱ्या कापडानंच कूस बदलली, तिच्या दिशेला.

झोळीच्या काठावरून आत बघायला दोन पावलं पुरली असती. ती दोन पावलं रूपालीनं टाकली नाहीत. आतून पुन्हा तो श्वास ओढल्याचा आवाज आला, आता जास्त लांब. पुढच्या क्षणाला ते रडणार होतं. ते रडलं की नागू जागा होणार, आणि जागा झाला की मान तिकडं वळवणार. तीन दुपारी झिजून मिळवलेलं सगळं जाणार.

तिनं खिळ्यावरचा फास काढला, मशीनवर येऊन बसली आणि तो डाव्या अंगठ्यात घातला. एक लांब ओढ, मग सोडून देणं, मग दोन श्वास थांबणं. दोरी पहिल्या ओढीला अडून बसली, दुसरीला थोडी नमली. तिसरीला आतला श्वास सैल झाल्याचा आवाज आला. दहाव्या ओढीला झोळीत शांत झालं. नागू हललाही नाही. रूपालीनं गोलकीपरची बाही सुईखाली घेतली. टीप सरळ गेली.

शालन चारला आली. दार ढकलून उंबऱ्यातच उभी राहिली. खांद्यावर नातू निजलेला, सुनेचे दोन्ही पाय चालू आणि पाटावर एकवीस पिवळे शर्ट घडी घालून ठेवलेले.

"आगं माझे बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. हलकं बोलायची तिला सवय नव्हती. जवळ येऊन तिनं नातवाच्या तोंडाकडं बघितलं, मग खाली बघितलं. "आन आता रिकामी झोळी कशाला हलवतीस?"

"सवय, आत्ती. पाय थांबत न्हाय."

शालननं मान डोलावली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. "चार पोरं काढली मी, पर तुझ्यावाणी एकाला बी निजवलं न्हाय. उगंच बोललो तुला. खरं सांगतो, उद्या गावाकडं बाया इचारतील तर मी तुझंच सांगणार." मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं मी जातो. उगं राहून काय करू? प्रसेनजीतबी वर्कशॉपात. दिवसभर तू आन तुझं पोर. तुला आता कुणाची गरज न्हाय."

राहा, हा शब्द रूपालीच्या अगदी तोंडाशी आला होता. राहा आत्ती, मला एकटीला सोडून जाऊ नका, नाहीतर आम्हाला संगं न्या. बोलली असती तर शालन नक्की राहिली असती. पण डोक्यावर तो हात होता, आणि तो हात मिळवायला तिनं दोन महिने जिवाचं रान केलं होतं. मला जमत नाही, हे तिच्या तोंडातून कधी गेलं नव्हतं.

"जावा तुम्ही, आत्ती," ती म्हणाली. "मी बघतो दोघांचं."

शालनला वाटलं, दोघांचं म्हणजे नागूचं आणि मशीनचं. ती हसली आणि आपली पिशवी भरायला पडदा सरकवून आत गेली. आत बराच वेळ तिची चाहूल होती. पितळी डबा उघडल्याचा आवाज झाला, नऊवारी झटकल्याचा आवाज झाला. तिला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. दोरी मात्र जड झाली होती, आणि पिशवीची चेन वाजली तेव्हा दोरीनं रूपालीचा अंगठा दोनदा ओढला.

रूपालीनं नागूला खांद्यावर जरा वर घेतलं आणि डावा पाय चालू ठेवला.